घर बांधताना ‘काम कधी पूर्ण होणार?’ हे करारात कसं लिहून घ्यायचं?

“साहेब, काळजीच करू नका. दिवाळीला नवीन घरात दिवे लावायचे.”

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला काढलेल्या बहुतेकांनी कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं असतं. दिवाळी येते आणि जाते, स्लॅबखालचे टेकू तसेच उभे असतात. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला की सेंटरिंगवाला गावाला गेलेला असतो, नाहीतर वाळूची गाडी आलेली नसते.

इकडे सध्याच्या घराचं भाडं चालू असतं आणि बँकेने दिलेल्या रकमेवर व्याजही. मुलांची शाळा बदलायची की नाही, घरातलं लग्न नव्या घरात करायचं की हॉल घ्यायचा, हे सगळं अडकून पडतं.

अशा वेळी लोक करार काढून बघतात. त्यात प्रति चौरस फूट दर, सिमेंट कोणतं आणि स्टील कोणतं हे सगळं लिहिलेलं असतं. मुदतीबद्दल मात्र एकच ओळ सापडते, ‘काम अंदाजे १० महिन्यांत पूर्ण करण्यात येईल.’ हे १० महिने कधीपासून मोजायचे, ‘पूर्ण’ म्हणजे काय आणि नाही झालं तर काय, हे कुठेच नसतं.

म्हणूनच घराच्या बांधकामाची मुदत कशी ठरवायची, तिच्यावर बोलणी कशी करायची आणि करारात ती कोणत्या शब्दांत लिहायची, ते समजून घेऊया.

मुदत लिहिलीच नसेल तर कायदा काय म्हणतो?

बांधकामाच्या कराराला भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. त्यातली तीन कलमं तुमच्या कामाची आहेत.

कलम ४६ सांगतं की करारात मुदत दिलेली नसेल, तर काम ‘वाजवी वेळेत’ व्हायला हवं. वाजवी वेळ म्हणजे किती, हे त्या त्या कामावर अवलंबून असतं. म्हणजे वाद झाला, तर तो आकडा तुमच्याऐवजी कोर्ट ठरवणार.

कलम ५५ मुदत मोडल्यावर काय होतं ते सांगतं. वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि वेळेत काम झालं नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. वेळ हा गाभा नसेल, तर नुसत्या उशिरामुळे करार रद्द करता येत नाही, पण झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते.

कलम ७४ आधीच ठरवून ठेवलेल्या दंडाबद्दल आहे. त्याकडे पुढे येऊ.

‘वेळ हा गाभा आहे’ एवढं लिहिलं की पुरतं का?

पुरत नाही. महाराष्ट्रातलाच एक जुना खटला त्याचं उत्तर देतो.

नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणारा जलसेतू बांधायचं काम एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीला मिळालं होतं. मुदत १२ महिने, सुरुवात ५ जुलै १९५५. वर्ष उलटलं तरी काम पूर्ण झालं नाही, म्हणून सरकारने ऑगस्ट १९५६ मध्ये करार रद्द केला. कंपनीचं म्हणणं होतं की काम सुरू करायला सांगितलं तेव्हाच पावसाळा लागला होता आणि कामाच्या जागेपर्यंत धड रस्ताही नव्हता.

‘हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये निकाल लागला. करारात मुदतवाढीची सोय होती आणि उशिरासाठी दंडही होता. अशी कलमं आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी उशीर गृहीत धरलेला होता, असं न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे वेळ हा कराराचा गाभा ठरत नाही. सरकारने आधी नवी वाजवी मुदत देऊन, ‘या तारखेपर्यंत काम झालं नाही तर करार संपेल’ असं बजावायला हवं होतं. तसं न करता केलेली रद्दबातलता चुकीची ठरली.

तुमच्या-आमच्या घरासाठी यातून दोन गोष्टी कळतात. एक, जुलैत सुरू होणाऱ्या कामाचे महिने मोजताना पावसाळा विसरून चालत नाही. दुसरं, किती उशीर झाल्यावर आणि कोणत्या नोटिशीनंतर करार संपवता येईल, हे वेगळ्या कलमात स्पष्ट लिहावं लागतं. एका वाक्यावर विसंबून कॉन्ट्रॅक्टरला साइटवरून काढलं, तर उलट तुमच्यावरच भरपाईची वेळ येऊ शकते.

बोलणी करण्याआधी: कामाला खरोखर किती वेळ लागतो?

बोलणीला बसण्याआधी आपल्याकडे स्वतःचा हिशेब हवा. समजा, ६०० चौरस फुटांचा तळमजला आणि वर तेवढाच एक मजला बांधायचा आहे. गवंडी, सेंटरिंग आणि प्लास्टरची माणसं नियमित मिळाली, तर ढोबळ अंदाज असा निघतो:

- आखणी, खोदाई, पाया आणि जोतं: ५ ते ७ आठवडे
- तळमजल्याचे कॉलम ते पहिला स्लॅब: ४ ते ५ आठवडे
- वरचे कॉलम ते दुसरा स्लॅब: ४ ते ५ आठवडे
- राहिलेलं वीटकाम: ४ ते ५ आठवडे
- वायरिंग-प्लंबिंगचे पाइप आणि आतून-बाहेरून प्लास्टर: ६ ते ८ आठवडे
- वॉटरप्रूफिंग, फरशी, बाथरूमच्या टाइल्स: ४ ते ५ आठवडे
- दारं-खिडक्या, रंग, नळ आणि दिव्यांची फिटिंग: ५ ते ६ आठवडे

बेरीज ३२ ते ४१ आठवडे होते. त्यात पाऊस, सण आणि माणसं गावाला जाण्याचे ६ ते ८ आठवडे धरा. म्हणजे साधारण ९ ते ११ महिने. जमीन काळी आणि पाया खोल असेल, किंवा गल्लीत गाडी जात नसेल, तर याहून जास्त.

हा हिशेब हातात असला की कोणी ‘पाच महिन्यांत करून देतो’ म्हणालं, तर आनंद होण्याऐवजी प्रश्न पडतो. तो पडायलाच हवा, कारण काही कामांचा वेळ पैसे देऊनही कमी होत नाही.

काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ याबाबत स्पष्ट आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं. फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल, तर किमान १० दिवस. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. थंडीत किंवा वर लगेच दुसरा मजला चढणार असेल, तर इंजिनिअर याहूनही जास्त दिवस सांगतो.

तारीख गाठण्यासाठी हेच दिवस कापले गेले, तर घर वेळेत मिळतं पण स्लॅब गळका किंवा कमजोर राहतो. म्हणून करारात एक ओळ जरूर घाला: ‘मुदत गाठण्यासाठी पाणी मारण्याचे आणि टेकू ठेवण्याचे दिवस कमी केले जाणार नाहीत. ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल.’

सुरुवात कोणत्या महिन्यात?

महाराष्ट्रात जुनी रीत आहे, दिवाळीनंतर पाया खणायचा आणि पावसाआधी स्लॅब टाकायचा. त्यामागे व्यवहार आहे. नोव्हेंबरच्या मध्यात काम सुरू झालं, तर मार्चपर्यंत दोन्ही स्लॅब होऊ शकतात. बाहेरचं प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग जूनच्या आधी उरकता येतं आणि पावसाळ्यात आतली कामं चालू राहतात.

कोकणात पावसाचे चार महिने बाहेरचं काम जवळपास बंद असतं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अडचण उलटी येते. एप्रिल-मेमध्ये पाणी मारायला टँकर लागतो. पावसाळ्यात नदीतून वाळूचा उपसा बंद असतो, तेव्हा क्रश सँड वापरायची की वाळू आधी भरून ठेवायची, हे आधीच ठरवावं लागतं. जत्रा, लग्नसराई, पेरणी, होळी, दिवाळी आणि छठ या काळात माणसं कमी होतात, हेही सगळ्यांना माहीत असतं.

या सगळ्या माहीत असलेल्या गोष्टी आहेत. म्हणून त्या मुदतीत आधीच धरायच्या. नंतर त्या ‘अचानक आलेली अडचण’ म्हणून सांगता येणार नाहीत, असं करारात लिहायचं.

मुदत कुठून मोजायची?

‘कामाच्या सुरुवातीपासून १० महिने’ असं लिहिलं, तर सुरुवात कोणती यावर वाद होतो. भूमिपूजन झालं ती? पहिला जेसीबी आला ती? की बांधकाम परवानगी मिळाली ती?

सोपा मार्ग असा. मालकाने करायच्या गोष्टींची यादी करायची: बांधकाम परवानगीची प्रत, मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, मोकळा प्लॉट, पाणी आणि विजेची सोय, पहिला हप्ता. हे सगळं दिलं त्या दिवशी दोघांनी एका कागदावर सही करायची. तो दिवस म्हणजे शून्य दिवस. त्यानंतर ७ दिवसांत काम सुरू झालं पाहिजे आणि पूर्ण होण्याची तारीख त्याच कागदावर दिनांक, महिना, वर्ष अशी लिहायची.

करारात ‘अंदाजे’, ‘शक्यतो’, ‘परिस्थितीनुसार’ हे शब्द दिसले, तर ते खोडा.

‘काम पूर्ण’ म्हणजे नेमकं काय?

कॉन्ट्रॅक्टरच्या लेखी रंग झाला की काम झालं. तुमच्या लेखी नळाला पाणी, दिव्याला वीज आणि दाराला कुलूप असेल तेव्हा. करारात तुमची व्याख्या हवी. उदाहरणार्थ:

‘परिशिष्टातील सर्व कामे झाली, पाणी-वीज-सांडपाण्याच्या लाइनची चाचणी झाली, गच्ची आणि बाथरूममध्ये पाणी साठवून गळती नसल्याचे पाहिले, राडारोडा उचलला आणि आर्किटेक्टने काम पूर्ण झाल्याचे लेखी दिले, म्हणजे काम पूर्ण झाले असे समजण्यात येईल.’

भोगवटा प्रमाणपत्र हा वेगळा विषय आहे. ते महापालिका, नगरपालिका किंवा संबंधित नियोजन प्राधिकरण देतं आणि अर्ज सहसा आर्किटेक्टमार्फत होतो. तिथल्या दिरंगाईला कॉन्ट्रॅक्टर जबाबदार नसतो. पण त्याने मंजूर नकाशा सोडून बांधकाम केल्यामुळे ते अडलं, तर दुरुस्तीचा खर्च आणि वेळ त्याचा, हे लिहून घ्या. नकाशाबाहेरची खोली तुम्ही स्वतःच वाढवायला सांगितली असेल, तर मात्र बोट दाखवायला जागा राहत नाही.

शेवटच्या एका तारखेवर विसंबू नका

दहा महिन्यांनंतरची तारीख चुकणार आहे, हे दहाव्या महिन्यात कळून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याला तारीख आणि प्रत्येक तारखेला पैसे, अशी जोडणी करा.

समजा, ठेका साहित्यासकट २४ लाखांचा आहे. हप्ते असे बांधता येतील:

- काम सुरू करताना: ५ टक्के (१ लाख २० हजार)
- जोतं पूर्ण झाल्यावर: १५ टक्के (३ लाख ६० हजार)
- पहिला स्लॅब: २० टक्के (४ लाख ८० हजार)
- दुसरा स्लॅब: १५ टक्के (३ लाख ६० हजार)
- वीटकाम: १० टक्के (२ लाख ४० हजार)
- प्लास्टर: १५ टक्के (३ लाख ६० हजार)
- फरशी, दारं-खिडक्या: १० टक्के (२ लाख ४० हजार)
- रंग, फिटिंग आणि ताबा: ५ टक्के (१ लाख २० हजार)
- ताब्यानंतर सहा महिने किंवा एक पावसाळा गेल्यावर: ५ टक्के (१ लाख २० हजार)

टक्के तुमच्या कामाप्रमाणे बदलतील. तत्त्व एवढंच की झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे कधीच गेलेले नसावेत. दुसऱ्या स्लॅबपर्यंत ८०-८५ टक्के रक्कम हातातून गेली, की कॉन्ट्रॅक्टरला पुढच्या कामात फार काही उरत नाही. मग त्याची माणसं जिथे नवा बयाणा मिळाला त्या साइटवर जातात. घरं अर्धवट राहण्यामागचं हे एक नेहमीचं कारण आहे.

गृहकर्ज असेल, तर बँकही टप्प्याटप्प्यानेच पैसे सोडते. करारातले टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्या. नाहीतर स्लॅब झालेला असतो, बँकेचा माणूस पाहणीला आलेला नसतो आणि पैशासाठी काम थांबतं. तो उशीर तुमच्या खात्यात पडतो.

मुदतवाढ कोणत्या कारणासाठी?

मुदतवाढीचं कलम असायलाच हवं. ते नसेल, तर पहिल्याच खऱ्या अडचणीला तारीख निरर्थक होते. पण कारणांची यादी बंद ठेवा.

मुदतवाढ द्यावी अशी कारणं: पूर, भूकंप, आग, सरकारी बंदी किंवा कोर्टाची स्थगिती, मालकाने पैसे उशिरा देणं, मालकाने नकाशा बदलणं, मालकाने आणायचं साहित्य वेळेत न येणं.

मुदतवाढ देऊ नये अशी कारणं: नेहमीचा पाऊस, सण, माणसं न मिळणं, सिमेंट-स्टीलचे भाव वाढणं, कॉन्ट्रॅक्टरची दुसरी साइट.

पद्धतही लिहा: ‘अडचण आल्यापासून ७ दिवसांत लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवले, तरच मुदतवाढ मिळेल. किती दिवस वाढवायचे ते आर्किटेक्ट ठरवेल. जेवढे दिवस काम प्रत्यक्ष अडले, तेवढेच दिवस वाढतील.’

इथे मालकांनी स्वतःकडेही बघायला हवं. टाइल्स निवडायला तीन आठवडे, किचनचा ओटा दोनदा बदलणं, पाहुण्याने सुचवलं म्हणून जिना फिरवणं, यात सहज महिना जातो. म्हणून टाइल्स, दारं, नळ, रंग यांची निवड कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे तुम्हीही करारात लिहून द्या. वाढीव काम असेल, तर त्याचे पैसे आणि त्याचे जास्तीचे दिवस दोन्ही काम सुरू होण्याआधी लिहायचे. ‘नंतर बघू’ म्हटलेलं वाढीव काम शेवटी पैशांवरून भांडण लावतं आणि कॉन्ट्रॅक्टरला उशिराचं तयार कारणही देतं.

उशिराचा दंड किती लावायचा?

रोज पाच हजार दंड लिहिला, तर कागदावर तो जोरदार दिसतो. पण कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई मिळते. आकडा धाक दाखवण्यासाठीच टाकलेला दिसला, तर तो जसाच्या तसा हातात पडेलच असं नाही.

म्हणून आकड्यामागे हिशेब ठेवा. समजा, घरभाडं महिना १२ हजार आणि साइटवरच्या वॉचमनला ४ हजार. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना तुम्हाला १६ हजारांना पडतो, आठवड्याला साधारण ४ हजार. करारात लिहा: ‘मुदतीनंतर २ आठवडे सवलत. त्यानंतर प्रत्येक आठवड्याला ४,००० रुपये. ही रक्कम मालकाच्या भाडे आणि राखणीच्या खर्चाचा आधीच केलेला अंदाज आहे. ती पुढच्या हप्त्यातून वळती होईल. एकूण मर्यादा ठेक्याच्या ५ टक्के.’

२४ लाखांवर ५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. ही मर्यादा गाठायला ३० आठवडे लागतील. एवढा काळ कोणी थांबू शकत नाही. म्हणून वेगळं कलम हवं: ‘कोणताही टप्पा ८ आठवड्यांहून जास्त लांबला किंवा सलग २१ दिवस काम बंद राहिले, तर मालक १५ दिवसांची लेखी नोटीस देईल. त्या मुदतीत काम वेगाने सुरू झाले नाही, तर करार संपेल आणि झालेल्या कामाचे मोजमाप करून हिशेब होईल.’

आणखी एक बारकावा. कलम ५५ नुसार वेळेवर न झाल्यामुळे रद्द करता येणारा करार तुम्ही रद्द केला नाहीत आणि उशिरा झालेलं काम मुकाट्याने स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. ती हवी असेल, तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. म्हणून किल्ली घेताना किंवा उशिराचा टप्पा मान्य करताना एक ओळ लेखी द्या: ‘काम उशिरा झाले आहे. ते स्वीकारत असलो तरी करारानुसार उशिराच्या भरपाईचा हक्क राखून ठेवत आहे.’

बोलणी करताना काय साधायचं?

चांगला कॉन्ट्रॅक्टर दंडाच्या कलमाला घाबरतो, कारण त्याला मालकांचेही अनुभव असतात. पैसे वेळेवर मिळत नाहीत, निर्णय होत नाहीत आणि वर दंड. त्याची ही भीती दूर केली, तर तोही तारखेला बांधून घेतो.

सुरुवातीला तारीख तुम्ही सांगू नका. “दादा, तुमच्या हिशेबाने प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील ते लिहून द्या,” असं म्हणा. त्याने स्वतः लिहिलेली तारीख तो जास्त पाळतो. मग तुमच्या हिशेबाशी ती ताडून बघा.

त्यानंतर विचारा: सध्या किती साइट चालू आहेत? सेंटरिंगचं सामान स्वतःचं की भाड्याचं? प्लास्टरची टोळी ठरलेली आहे का? मागच्या दोन घरांची ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष ताबा कधी? त्या घरमालकांना जाऊन भेटा.

देण्या-घेण्यात हे पर्याय ठेवता येतात:

- टप्पा पूर्ण झाल्यावर ७ दिवसांत पैसे, आणि उशीर केला तर तेवढे दिवस मुदतवाढ, हे तुम्ही लिहून द्या. बदल्यात दंडाचं कलम मागा.
- तो १० महिने म्हणत असेल आणि तुम्हाला शंका असेल, तर ११ लिहा, पण ठाम. हुकणाऱ्या १० पेक्षा पाळले जाणारे ११ महिने बरे.
- वेळेआधी काम दिलं, तर आठवड्याला ठरावीक बक्षीस ठेवा. मात्र ते आर्किटेक्टने कामाचा दर्जा पाहिल्यावरच.
- गृहप्रवेशाचा मुहूर्त किंवा लग्नाची तारीख असेल, तर कराराची तारीख त्याच्या किमान दीड महिना आधीची ठेवा. पत्रिका मात्र फरशी बसल्यावरच छापा.

ठेका फक्त मजुरीचा असेल, तर साहित्य आणायची जबाबदारी तुमची आहे. सिमेंट संपलं म्हणून काम थांबलं, तर तो उशीर तुमचा. अशा वेळी ‘पुढच्या १० दिवसांचं साहित्य कॉन्ट्रॅक्टरने आधी लिहून मागावं’ अशी अट घाला.

तारीख हुकायला लागली तर?

पहिला टप्पा १०-१५ दिवस लांबला की लगेच लेखी कळवा. भांडण नको, नोंद हवी. दर रविवारी साइटचे फोटो आणि दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाका, ‘आज इतकं काम झालं, ठरल्यापेक्षा इतके दिवस मागे.’ पैसे शक्यतो बँकेतून द्या. रोख दिले, तर वहीत सही घ्या.

कामावर कोणीच येत नसेल, तर आधी नोटीस, मग आर्किटेक्टसमोर मोजमाप आणि फोटो, आणि त्यानंतरच दुसरा कॉन्ट्रॅक्टर. मोजमाप न करता नवीन माणूस लावला, तर आधीच्याने किती काम केलं हे नंतर सिद्ध करता येत नाही.

तडजोड झाली नाही, तर ग्राहक आयोगात जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी आहे. तक्रार करण्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते. ५० लाखांपर्यंत मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सल्ला मिळू शकतो. करारात लवादाचं कलम असलं, तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही.

करार योग्य मुद्रांकावर करा. ठेक्याच्या रकमेनुसार शुल्क बदलतं. ते कमी भरलेलं असेल, तर कोर्टात पुरावा म्हणून करार मांडताना अडचण येते.

बिल्डरकडून फ्लॅट घेत असाल तर?

तिथे चित्र वेगळं आहे. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेल्या घराच्या कॉन्ट्रॅक्टरला रेरा लागू होत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या विक्रीच्या प्रकल्पांना मात्र महारेराची नोंदणी लागते.

तिथे करारात लिहिलेली ताब्याची तारीख महत्त्वाची. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ती चुकली, तर तुम्ही पैसे व्याजासह परत मागू शकता, किंवा घर हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागू शकता. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरपेक्षा २ टक्क्यांनी जास्त असतो. विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. म्हणून बुकिंगच्या पावतीवर समाधान न मानता करारातली तारीख आणि महारेराच्या संकेतस्थळावरची तारीख जुळते का ते बघा.

आणखी तीन तारखा विसरू नका

तुमच्या बांधकामाच्या मुदतीशी इतर काही मुदती बांधलेल्या असतात.

पहिली, बांधकाम परवानगी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार ती एका वर्षासाठी असते. पुढे वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते आणि तिलाही कमाल मर्यादा आहे.

दुसरी, गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत. जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घरासाठी वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट मिळते. पण ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं, ते संपल्यापासून ५ वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं. नाहीतर वजावट ३० हजारांवर येते.

तिसरी, जुनं घर विकून नवं बांधत असाल तर. विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायला विक्रीनंतर ३ वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवं.

सही करण्याआधी एकदा बघा

1. शून्य दिवस आणि पूर्ण होण्याची तारीख, दोन्ही आकड्यांत लिहिल्या आहेत का?
2. ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे यादीसह आहे का?
3. प्रत्येक टप्प्याला तारीख आणि हप्ता आहे का? शेवटचे १० टक्के तुमच्या हातात आहेत का?
4. मुदतवाढीची कारणं मोजकी आणि ७ दिवसांत कळवायची अट आहे का?
5. दंड, त्यामागचा हिशेब आणि वरची मर्यादा आहे का?
6. काम बंद पडलं तर नोटीस देऊन करार संपवायची पद्धत आहे का?
7. तुम्ही कोणते निर्णय कधी घेणार, हेही लिहिलं आहे का?

हे सात मुद्दे दोन पानांत मावतात. ती दोन पानं जोतं खणण्याआधी लिहा. तेव्हा दोघंही एकमेकांशी गोडीने बोलत असतात आणि बहुतेक अटी चहाच्या कपावर मान्य होतात.